मेंदूच्या ऑपरेशनमधली ‘दुर्बीण’ नेमके काय करते?

“दुर्बिणीखाली ऑपरेशन करावे लागेल,” असे डॉक्टर म्हणाले की घरच्यांचा जीव थोडा भांड्यात पडतो. कारण आपण पाहिलेले दुर्बिणीचे ऑपरेशन असते ते पित्ताशयाचे किंवा अपेंडिक्सचे. पोटाला तीन-चार छोटी भोके, दोन-तीन दिवसांत घरी, थोड्याच दिवसांत कामावर. मेंदूचेही तसेच असेल, अशी समजूत होते. मग पेशंट आयसीयूमध्ये दिसतो तेव्हा केस काढलेले, कानापुढून कपाळाच्या वर गेलेली टाक्यांची लांब ओळ, एक डोळा सुजलेला. नातेवाईक चिडतात. “दुर्बिणीतून म्हणाले होते आणि यांनी तर सगळे डोके उघडले!” खरे तर कोणी फसवलेले नसते. दोन वेगळ्या यंत्रांना आपण एकच नाव दिले आहे, त्यातून हा घोटाळा होतो.

पोटाच्या ऑपरेशनमधली दुर्बीण म्हणजे कॅमेरा बसवलेली नळी. ती शरीराच्या आत जाते. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा वापरतात तो मायक्रोस्कोप, म्हणजे सूक्ष्मदर्शक. तो शरीराच्या आत कधीच जात नाही. एका मोठ्या स्टँडच्या हाताला लटकलेला, जखमेपासून एक ते दोन वितींवर, बाहेरच थांबतो. त्यातून सर्जन आत पाहतो आणि बारीक, लांब दांड्यांच्या हत्यारांनी काम करतो. त्यासाठी त्वचा उघडावी लागते आणि कवटीच्या हाडाचा तुकडा तात्पुरता काढावा लागतो. काम झाले की तो बहुतेक वेळा पुन्हा जागेवर बसवतात. (नळीची दुर्बीण मेंदूसाठीही वापरतात, उदाहरणार्थ नाकावाटे पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढताना. पण तो वेगळा विषय आहे.)

याच्या अगदी उलट समजूतही आपल्या वस्त्यांत आहे. “डोक्याचे ऑपरेशन म्हणजे माणूस गेला.” या एका वाक्यापायी काही माणसे महिनोन्‌महिने गोळ्या खात बसतात, काही जण फिट आलेल्या मुलीला अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेतात आणि शेवटी रुग्णालयात पोचतात तेव्हा गाठ दुप्पट झालेली असते. ऑपरेशनला हो म्हणायचे की नाही, हे ठरवायला घरच्यांना कधी कधी एक रात्रच मिळते. त्या रात्री हाताशी थोडी खरी माहिती असावी, म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

अडचण होती ती उजेडाची

मेंदू मऊ असतो, ताज्या लोण्यासारखा. तो हाडाच्या बंद पेटीत असतो आणि त्याच्या तळाशी, सगळ्यांत खोल जागी, जिवाला आवश्यक असलेल्या रक्तवाहिन्या आणि नसा दाटीने बसलेल्या असतात. मेंदू बाजूला ढकलायला फार जागा नसते, आणि जोराने ढकलला तर त्यालाच इजा होते. म्हणून सर्जनला दोन पाळ्यांमधल्या नैसर्गिक फटीतून वाट काढत खाली जावे लागते.

अरुंद तोंडाच्या रांजणात तळाशी सुई पडली आहे, असे समजा. तुम्ही डोकावलात की तुमच्याच डोक्याची सावली आत पडते. कपाळाला बॅटरी बांधली तरी उजेड तिरका जातो आणि रांजणाच्या कडेवर अडतो. शिवाय आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते. तोंड त्याहून अरुंद असेल तर तळ एका वेळी एकाच डोळ्याला दिसतो. आणि एका डोळ्याने पाहताना खोलीचा अंदाज चुकतो. खात्री करायची असेल तर एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा.

मायक्रोस्कोप म्हटले की आपल्या मनात ‘मोठे करून दाखवणारे भिंग’ येते. ते खरे आहे. साधारण चारपटीपासून वीसपटीपर्यंत किंवा त्याहून जास्त मोठे दिसते. पण आमच्या मते त्याची खरी कमाई दुसरीच आहे. हे यंत्र दोन डोळ्यांच्या दोन दृष्टिरेषा एकमेकींजवळ आणते, इतक्या की दोन्ही अरुंद फटीतून एकदमच तळाशी पोचतात. आणि उजेडही त्याच रेषेने, नजरेच्या सोबतीने खाली सोडते. त्यामुळे सावली पडत नाही, खोली कळते आणि हातातले हत्यार नसेच्या पुढे आहे की मागे, हे दिसते. भिंग नुसते मोठे करणारे असते आणि उजेड तिरकाच राहिला असता, तर मोठा अंधार दिसला असता.

कानापासून मेंदूपर्यंत

हे यंत्र मेंदूसाठी जन्मलेले नाही. १९२१ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे कार्ल ओलोफ नीलेन या कानाच्या डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये पहिल्यांदा मायक्रोस्कोप वापरला. तो एका डोळ्याने पाहण्याचा होता. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ गुनार होल्मग्रेन यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा मायक्रोस्कोप ऑपरेशनसाठी घेतला. १९५३ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीने खास ऑपरेशनसाठी घडवलेला मायक्रोस्कोप बाजारात आणला, तोही मुख्यतः कानाच्या डॉक्टरांनी उचलून धरला. मेंदूचे सर्जन दूरच होते. अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये थिओडोर कुर्झ यांनी १९५७ मध्ये पाच वर्षांच्या एका बालकाच्या चेहऱ्याच्या नसेवरील गाठ मायक्रोस्कोपखाली काढली. मेंदूशस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप आला तो तेव्हा.

त्यानंतरचे मोठे नाव गाझी याशारगिल यांचे. तुर्कस्तानातील दियारबाकिर भागातील लिजे या छोट्या गावात १९२५ मध्ये जन्मलेला हा माणूस स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे न्यूरोसर्जन झाला. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या शिवता याव्यात म्हणून तो १९६५ मध्ये अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे रेमंड डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत गेला. तेव्हा त्याचे वय चाळीस होते, शिकून-सवरून तयार झालेला सर्जन होता, तरीही तिथे एक वर्षाहून अधिक काळ केसाहून बारीक दोऱ्याने प्राण्यांच्या रक्तवाहिन्या शिवण्याचा सराव करत बसला. (हे वाचताना पंचशीलातले पहिले शील अनेकांना आठवेल. आम्हालाही आठवले. पण आज ज्या कौशल्याने माणसे वाचतात ते कसे आले, हे झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही.) झुरिकला परतल्यावर ३० ऑक्टोबर १९६७ रोजी त्याने डोक्याच्या त्वचेतील एक धमनी मेंदूवरील धमनीला जोडली. मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडलेल्या पेशंटसाठी रक्ताची ती नवी वाट होती. नुसत्या डोळ्यांनी असा टाका घालणे शक्यच नव्हते.

याशारगिल यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे महत्त्व हाताने काम करणाऱ्या आपल्या माणसांना लगेच पटेल. सुरुवातीचे मायक्रोस्कोप जड आणि आडमुठे होते. नजर थोडी बाजूला न्यायची तर हत्यारे खाली ठेवा, यंत्र ढकला, पुन्हा घट्ट करा, पुन्हा हत्यारे उचला. रक्तस्राव चालू असताना एवढा वेळ कुठे असतो? त्यांनी वजनाला वजन लावून तोललेला स्टँड विकसित करून घेतला. विहिरीवरच्या मोटेला किंवा तराजूला जसा तोल असतो, तसा. जड यंत्र बोटाच्या धक्क्याने हलू लागले आणि सोडले की आहे तिथेच थांबू लागले. सांध्यांना चुंबकीय ब्रेक आणि ते सोडण्यासाठी तोंडात धरायची एक पट्टी. दोन्ही हात पेशंटच्या डोक्यात गुंतलेले, आणि यंत्र हलते ते सर्जनच्या ओठांच्या इशाऱ्याने. आजच्या यंत्रांत हाच तोल मोटारीने आपोआप साधला जातो, पायाखाली पेडल असते, फोकस आपोआप लागतो. पण मूळ कल्पना तीच आहे.

फुगा आणि हिरवे औषध

आता आजच्या यंत्रांकडे येऊ. मेंदूच्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कमजोर होऊन तिथे फुगा येतो. त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. सायकलच्या ट्यूबला बाहेर आलेला फुगवटा डोळ्यांसमोर आणा. तो फुटला तर आयुष्यात कधी झाली नाही एवढी भयंकर डोकेदुखी एका क्षणात सुरू होते, उलट्या होतात, मान ताठ होते, माणूस बेशुद्धही पडतो. अशा डोकेदुखीला ‘पित्त झाले’ म्हणून झोपवून ठेवू नये. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

उपचार दोन तऱ्हांचे आहेत. एक म्हणजे मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात धातूची तार भरणे. त्यात मायक्रोस्कोप लागत नाही आणि आज बऱ्याच पेशंटना तोच मार्ग सुचवला जातो. दुसरा मार्ग म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला टायटॅनियमची छोटी क्लिप लावणे, कपड्याला चिमटा लावतो तशी. फुगा अनेकदा तुरीच्या दाण्याएवढा असतो आणि त्याच्या मानेला चिकटून केसासारख्या बारीक धमन्या निघालेल्या असतात. त्यातली एखादी क्लिपमध्ये सापडली तर ऑपरेशन यशस्वी दिसते, फुगा बंद होतो आणि पेशंट मात्र अर्धांगवायू घेऊन उठतो.

हे पूर्वी पेशंट शुद्धीवर आल्यावर किंवा नंतरच्या तपासणीतच कळायचे. आता क्लिप लावल्यावर भूलतज्ज्ञ शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचे हिरवे औषध देतात. मायक्रोस्कोप अवरक्त प्रकाशावर जातो, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर. काही सेकंदांतच काळ्या पडद्यावर ज्या ज्या धमनीतून रक्त वाहते आहे ती पांढरी उजळून दिसते. फुगा काळा राहिला पाहिजे, आजूबाजूच्या धमन्या उजळल्या पाहिजेत. उलटे दिसले तर क्लिप तिथल्या तिथे काढून पुन्हा नीट लावता येते. मेंदूच्या फुग्यांच्या ऑपरेशनमध्ये ही पद्धत २००३ च्या सुमारास आली. डोळ्यांना दिसणाऱ्या भागातलेच हिला कळते, हाडाआड किंवा गुठळीआड लपलेली धमनी उजळत नाही, ही तिची मर्यादा. आणि या औषधात आयोडीनचा अंश असतो. घरच्या कोणाला आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर ते भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.

गाठ कुठे संपते?

मेंदूतल्या काही गाठींना स्पष्ट कड असते, त्या बाजूला करत काढता येतात. पण ग्लिओब्लास्टोमासारखा कर्करोग तांदळात कालवलेल्या डाळीसारखा असतो. कडेला गेल्यावर गाठ कुठली आणि चांगला मेंदू कुठला, हे मायक्रोस्कोपच्या पांढऱ्या उजेडातही नीट कळत नाही. कमी काढली तर रोग राहतो, जास्त काढली तर बोलणे जाते, हात जातो.

यासाठी ५-एएलए नावाचे औषध आहे. भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी ते पेशंटला पाण्यातून प्यायला देतात. गाठीच्या पेशींत त्यापासून एक चमकणारे द्रव्य साठते. सर्जन बटण दाबून मायक्रोस्कोपचा उजेड निळा करतो आणि निळ्या-काळ्या मेंदूत गाठीचा उरलेला भाग गुलाबी-लाल चमकू लागतो. पेशंटने त्यानंतर २४ तास कडक उन्हापासून आणि प्रखर दिव्यापासून दूर राहायचे असते.

जर्मनीत २७० पेशंटवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे औषध दिलेल्यांपैकी ६५ टक्के पेशंटमध्ये स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली होती. नेहमीच्या उजेडात ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. सहा महिन्यांनंतर गाठ पुन्हा वाढलेली नसलेले पेशंट पहिल्या गटात ४१ टक्के आणि दुसऱ्यात २१ टक्के होते. पण एकूण आयुर्मानात मात्र दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. हे शेवटचे वाक्य जाहिरातींत नसते, म्हणून आम्ही मुद्दाम लिहितो. चमकणारे औषध म्हणजे कर्करोगावरचा इलाज नव्हे. पुढचे रेडिएशन, पुढच्या गोळ्या चुकत नाहीत. हे औषध महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. काही ठिकाणी फ्लुरोसिन हे स्वस्त पिवळे औषध शिरेतून देऊन वेगळ्या फिल्टरखाली पाहतात. त्यानंतर पेशंटची त्वचा आणि लघवी काही काळ पिवळी दिसते. कावीळ झाली म्हणून घाबरू नये.

मायक्रोस्कोपला एमआरआयचा नकाशाही जोडता येतो. गाठीची बाह्यरेषा सर्जनला डोळ्याच्या भिंगातच आखून दिसते. मात्र कवटी उघडून पाणी निघाले आणि गाठ थोडी काढली की मेंदू जागचा सरकतो. सकाळचा नकाशा दुपारी चुकू लागतो. तेव्हा शेवटचा भरवसा नजरेचा आणि अनुभवाचाच.

दात काढून घेतले तरी दुखतेच

मायक्रोस्कोपमुळे ज्यांचे आयुष्य बदलते असा एक आजार आपल्याकडे फारसा ओळखलाच जात नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. चेहऱ्याच्या एका बाजूला, गालात किंवा जबड्यात, विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काही सेकंद टिकते आणि जाते. घास चावला, तोंड धुतले, वारा लागला, नुसते बोलले तरी पुन्हा येते. पेशंटला वाटते दाढ दुखते. एक दाढ काढून घेतो, मग दुसरी. दात जातात, दुखणे तिथेच. जेवण सुटते, माणूस वाळत जातो आणि शेजारीपाजारी म्हणतात, याला कोणीतरी काहीतरी केले.

कोणी काही केलेले नसते. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. बहुतेक पेशंटमध्ये चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेवर, ती मेंदूतून निघते त्याच जागी, एक रक्तवाहिनी टेकलेली असते आणि प्रत्येक ठोक्याला तिला घासत असते. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांना १९३० च्या दशकातच याचा संशय आला होता. पण १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा या तरुण सर्जनने मायक्रोस्कोपखाली तो स्पर्श स्पष्ट पाहिला आणि त्यावर ऑपरेशन बसवले. कानामागे मोठ्या नाण्याएवढे हाड काढायचे, मायक्रोस्कोपच्या उजेडात मेंदूच्या कडेने खोल जायचे, रक्तवाहिनी हळूच उचलायची आणि नस व रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा बोळा ठेवायचा. नस कापायची नाही, काही काढूनही टाकायचे नाही. अनेक पेशंट भुलीतून जागे होतात तेव्हा ती कळ थांबलेली असते.

पहिला उपचार ऑपरेशन नव्हे, गोळ्यांचा. कार्बामाझेपिनने बऱ्याच जणांना आराम पडतो, पण ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. गोळीने भागेना किंवा तिचा त्रास होऊ लागला, तर ऑपरेशनचा विचार. त्या बाजूच्या कानाचे ऐकू येणे जाण्याचा थोडा धोका असतो, तो समजून घ्यावा. आणि चेहऱ्यात विजेसारखी कळ येत असेल तर दुसरी दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत एकदा दाखवावे.

मणक्याचे दोन शब्द

हमाली, बांधकाम, सफाईकाम करणाऱ्यांत कमरेतून पायात जाणारी कळ नेहमीची. मणक्यातली गादी सरकून नस दाबते. ही नस मोकळी करायलाही मायक्रोस्कोप वापरतात. त्यामुळे चीर लहान, साधारण दोन-तीन बोटांची पुरते आणि स्नायू कमी दुखावतात. पण बहुतेकांची कळ काही आठवड्यांत औषध, विश्रांती आणि व्यायाम यांनीच कमी होते. मायक्रोस्कोप आहे म्हणून ऑपरेशन करून घेऊ नये. मात्र लघवी अडली, किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊ लागली, तर एक दिवसही थांबू नये. तिथे वेळ गेली की नस परत येत नाही.

यंत्र कुठे उपयोगाचे नाही

अपघातात डोक्याला मार लागून कवटीखाली रक्त साठले असेल, तर मायक्रोस्कोपचा प्रश्न सहसा येतच नाही. तिथे कवटी उघडून रक्त लवकर काढणे महत्त्वाचे. “मोठ्या मशीनच्या दवाखान्यात नेऊ” म्हणून जवळचे सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेले रुग्णालय ओलांडून जाऊ नये.

आणि चांगले यंत्र वाईट निर्णयाला चांगला करत नाही. वरच्या प्रतीच्या मायक्रोस्कोपची किंमत कोटींच्या घरात जाते, ती वसूल करण्यासाठी फलकांवर त्याचा फोटोही लागतो. पण रोज मेंदूची ऑपरेशने करणाऱ्या शासकीय महाविद्यालयातील टीमकडचा साधा, जुना मायक्रोस्कोप क्वचितच वापरल्या जाणाऱ्या चकाकत्या यंत्रापेक्षा आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात सुपर स्पेशालिटी अशा सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरोसर्जरीचे विभाग आहेत. तिथे मायक्रोस्कोपचा आणखी एक फायदा होतो. पूर्वी खोल फटीत काय चालले आहे ते फक्त मुख्य सर्जनला दिसायचे. आता समोर बसलेल्या मदतनीस डॉक्टरला स्वतःचे भिंग असते आणि भिंतीवरच्या पडद्यावर परिचारिकेपासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांना तेच दिसते. विद्या एकाच्याच नजरेत कोंडून राहिली की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

जीवकाने काय विचारले

विनयपिटकातील महावग्गात तथागतांचे वैद्य जीवक यांची एक कथा येते. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला सात वर्षे डोकेदुखी होती, वैद्यांनी हात टेकले होते. जीवकांनी त्याचे डोके उघडून आतून दोन किडे काढले आणि जखम शिवली. या कथेवरून ‘आपल्याकडे तेव्हाच मेंदूशस्त्रक्रिया होती’ असे मिरवणे आम्हाला पटत नाही. कथा ती कथा. पण त्यातला एक भाग मोलाचा आहे. चिरा देण्याआधी जीवक पेशंटला विचारतात, सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहशील का? तो हो म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येकी सात दिवसच तो सोसू शकतो आणि एकवीस दिवसांत बरा होतो. जीवक सांगतात, मी सात महिने म्हणालो नसतो तर तू एवढेही पडून राहिला नसतास. पुढचे काय, हे आधी सांगणे, पेशंटचा होकार घेणे आणि काढलेली वस्तू लोकांना दाखवणे, हे सगळे त्या कथेत आहे.

तेवढे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे. गाठ नेमकी कुठे आहे आणि तिच्या शेजारी काय आहे, बोलणे की हालचाल की नजर? ऑपरेशन केले नाही तर काय होईल आणि थांबलो तर किती थांबता येईल? मायक्रोस्कोपखाली करणार का, चमकणाऱ्या औषधाची सोय इथे आहे का, आणि नसेल तर या पेशंटला त्याने खरेच फरक पडतो का? अनेक गाठींना पडत नाही. विचारताना संकोच नको. डॉक्टर घाईत असतील तर प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत घरातले थोडे शिकलेले कोणी असावे.

पैशाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि मेंदू व मणक्याची अनेक ऑपरेशने तिच्या यादीत आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटावे, नंतर नव्हे. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ही मेहेरबानी नाही. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला दाखवून मागता येते.

आणखी एक काम आपल्या संघटना करू शकतात. सार्वजनिक रुग्णालयात यंत्र असते, पण दिवा गेला, लेन्स बिघडली, देखभालीचा करार संपला की ते कोपऱ्यात झाकून ठेवले जाते आणि ऑपरेशनच्या तारखा पुढे ढकलल्या जातात. आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयात न्यूरोसर्जरीचा मायक्रोस्कोप आहे का, चालू आहे का, गेल्या वर्षी किती दिवस बंद होता, हे माहितीच्या अधिकारात एका साध्या अर्जाने विचारता येते. जयंतीच्या मंडळांनी वर्षातून असा एक अर्ज केला तरी चालेल.

ऑपरेशनची तारीख मिळाली की जुन्या एमआरआय-सीटीच्या फिल्म आणि सीडी, चालू गोळ्यांची यादी बरोबर ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी, अगदी साधी अ‍ॅस्पिरिनसुद्धा, चालू असेल तर ते आधीच सांगावे, पण स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्तदाते दोन-तीन दिवस आधी ठरवून ठेवावेत. आणि फुग्याला क्लिप लावली असेल तर डिस्चार्जच्या वेळी त्या क्लिपची माहिती असलेले कार्ड मागून घ्यावे, रेशनकार्डाशेजारी जपून ठेवावे. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली की तिथला तंत्रज्ञ पहिल्यांदा तेच मागतो.